लिंबाजी मापारी आणि गावची बारव

कडेपिंपळी नावाच्या गावात धान्य मोजून देणारा एक मापारी होता. त्याचं नाव लिंबाजी. गाव त्याला अण्णा म्हणायचं. त्याने भरलेलं माप कुणी दुसऱ्यांदा मोजून पाहत नसे. माप भरलं की तो वरून हात फिरवायचा, आणि हात झटकायचा तोही मापातच. उठताना धोतर झाडायचा. निऱ्यांत अडकलेला एखादा दाणा आपल्या घरी जाऊ नये, एवढी त्याची काळजी. लोक हे बघायचे आणि घरी जाऊन पोरांना सांगायचे.

त्या गावाची एक चांगली रीत होती. तिला गावमूठ म्हणत. खळी उरकली की एका ठरलेल्या सकाळी सगळी घरं चावडीपुढे जमायची. घरात जितकी माणसं, तितक्या मुठी धान्य एका मोठ्या कणगीत पडायचं. पाटलाच्या घरचं माणूस असो की न्हाव्याच्या, माणशी मूठ एकच. तान्ह्या लेकराची मूठसुद्धा आई धान्यावर मिटवायची आणि कणगीवर नेऊन उघडायची. हे धान्य विकून जे येईल, ते गावाचं. त्यातून गावात जे जुनं आणि चांगलं आहे ते सांभाळायचं, आणि जे नाही पण हवं आहे ते करायचं. पार खचला तर बांधायचा. वाटेवरची झाडं वाळली तर नवी लावायची. त्या मुलखाचा राजाही जाणता होता. गाव जेवढं जमवील तेवढंच दरबार आपल्या खजिन्यातून वर घालायचा. अट एकच होती. काम साऱ्या गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे. गावाने काम बिघडवलं तर दरबार आपला वाटा परत मागायचा आणि पुढची तीन वर्षं त्या गावाला काही द्यायचा नाही.

ही गावमूठ सांभाळायला लिंबाजीखेरीज दुसऱ्या कुणाचं नाव कधी निघालंच नाही. बारा वर्षं त्याने ती सांभाळली आणि बारा वर्षांत कुणी त्याला एक प्रश्न विचारला नाही. माणसाला कुणी काही विचारेनासं झालं की त्याचं काय होतं, ते सांगायला नको. लिंबाजीला हळूहळू वाटायला लागलं, आपला हात स्वच्छ आहे म्हणजे आपण जे करू ते बरोबरच असणार. लोभी तो नव्हताच. उद्धटही नव्हता. फक्त त्याला ऐकून घ्यायला वेळ नसायचा. कुणी बोलायला लागलं की अर्ध्या वाक्यातच तो म्हणायचा, "आलं ध्यानात," आणि चालू पडायचा.

गावाबाहेर एक बारव होती, पायऱ्या उतरून आत जायची जुनी दगडी विहीर. ती कुणी बांधली हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. काळ्या दगडाचे मोठमोठे चिरे एकावर एक बसवलेले होते. त्यांच्यामध्ये चुना नाही, माती नाही, काही नाही. नुसत्या वजनावर ती भिंत शेकडो वर्षं उभी होती. कितीही कडक उन्हाळा येवो, बारवेचं पाणी बाराव्या पायरीच्या खाली गेलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पण आता वरच्या थरांत पिंपळाची मुळं शिरली होती. चार-पाच पायऱ्या फुटल्या होत्या. भिंतीत पारव्यांनी घरटी केली होती आणि त्यांची घाण पाण्यात पडायची.

त्या साली चावडीवर ठरलं, की यंदाची गावमूठ बारवेला लावायची. पुढच्या वर्षाचं कामही लगेच ठरून गेलं. गावाशेजारच्या ओढ्यावर साकव बांधायचा. पावसाळ्यात ओढा गावाला तोडून टाकायचा, आणि मागच्या भाद्रपदात कुंभाराची थोरली सून ओढा ओलांडताना वाहून गेली होती. तिचं दोन वर्षांचं लेकरू अजून दारात बसून वाट बघायचं. त्यामुळे साकवाचं नाव निघालं तेव्हा कुणी वाद घातला नाही.

चावडीवर पुढे बसणारे बोलले. बाया मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांत ठकूबाई कोळीण होती. बारवेचं पाणी काढून चावडीला, देवळाला आणि वाटसरूंना पुरवायचं काम पिढ्यानपिढ्या तिच्या घराकडे होतं. दर अमावास्येला बारवेतल्या आसरांना, म्हणजे पाण्यातल्या देवींना, निवद दाखवायचं कामही तिचंच. चाळीस वर्षं ती त्या पायऱ्या उतरत होती आणि चढत होती. तिला काही सांगायचं होतं. पण बैठक उठली, सगळे निघाले, आणि लिंबाजी तर सगळ्यांच्या पुढे निघाला. ती त्याच्या मागोमाग धावत चावडीच्या पायऱ्यांपर्यंत आली.

"अण्णा, वाईच थांबा की."

"बोल, ठकूबाई." लिंबाजी थांबला नाही. चाल तेवढी जरा मंद केली.

"बारवंचं काय बी करा. पायऱ्या बसवा, मुळ्या काढा. पन दरजा राखा."

"आलं ध्यानात," लिंबाजी म्हणाला. "त्याची काळजी तू करू नगंस. दरजा राखनार म्हंजी राखनार. ह्यो माझा शबुद."

ठकूबाईच्या जिवाला बरं वाटलं. ती हात जोडून मागे फिरली. लिंबाजीलाही बरं वाटलं. एवढी साधी बाई, पण कामाच्या दर्जाचं तिलाही कळतं, असं त्याच्या मनात आलं. गावाकडे 'दर्जा' हा शब्द 'दरजा' असाच बोलतात. त्यात त्याला वेगळं काही वाटायचं कारणच नव्हतं.

मग त्याने दर्जा राखायला सुरुवात केली. गावातल्या गवंड्यावर न थांबता तो शहरात गेला आणि तिथला नावाजलेला कारागीर घेऊन आला. चुन्यासाठी घाणी बसवली. बैल लावून सात दिवस चुना दळला, त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा घातला. शहरातल्या कारागिराने बारव वरून खाली पाहिली आणि हसला. "सगळे सांधे उघडे आहेत, अण्णा. म्हणून मुळं शिरतात, पाखरं शिरतात, विंचू शिरतात. एकही फट ठेवत नाही बघा. तळापर्यंत भरून काढतो." लिंबाजीला ते एकदम पटलं. उन्हाळा नुकताच लागत होता आणि नदीला अजून पाणी होतं. बारवेतलं पाणी उपसून काढलं, गाळ काढला, आणि काठापासून तळापर्यंत प्रत्येक दोन चिऱ्यांच्या मधली जागा चुन्याने भरून टाकली. एक महिनाभर गाव नदीचं पाणी प्यालं. लिंबाजी रोज तिथे उभा राहायचा. काम करताना मजुरांनी चुना सांडला तर तोही खरवडून परत वापरायला लावायचा. गावाची एक मूठ वाया जाऊ दिली नाही त्याने.

काम पुरं झालं तेव्हा बारव ओळखू येईना. काळ्या दगडावर पांढऱ्या रेघा, जणू कुणी नवं पातळ नेसवलं आहे. लोक सहकुटुंब बघायला आले. मग पाऊस लागला. वरून पडलेलं आणि काठावरून आलेलं पावसाचं पाणी साठून बारव तोंडोतोंड भरली. सगळं छान झालं होतं.

कार्तिक संपला तसं पाणी उतरायला लागलं. पौषात ते बाराव्या पायरीला टेकलं. पूर्वी एवढं खाली जायला वैशाख उजाडायचा. माघात विसावी पायरी उघडी पडली. उपशाचा तो महिना सोडला तर ती कुणी कधी पाहिलेली नव्हती. पुढे तर तळाला हिरवट डबकं उरलं आणि बाया घागर कलती करून, वाटीने पाणी भरायला लागल्या. म्हातारी माणसं काठावर येऊन खाली बघायची आणि परत जायची. पुढे अख्खा उन्हाळा होता. नदीला तोवर वाळू तेवढी राहणार होती.

पाऊस तर चांगला झाला होता. मग पाणी गेलं कुठे? अशा वेळी माणसं कारण शोधत नाहीत, माणूस शोधतात. आणि सापडतो तो नेहमी सगळ्यांत गरीब माणूस. कुणीतरी म्हणालं, ठकूबाईने एका अमावास्येला निवद चुकवला. दुसऱ्याने सांगितलं, तो शिळा होता. आठ दिवसांत साऱ्या गावाचं एकमत झालं की आसरा कोपल्या आहेत आणि कोळणीमुळे कोपल्या आहेत. तिच्या वाट्याचं धान्य लोकांनी बंद केलं. तिला बारवेच्या काठावर पाय ठेवू देईनात. पाटलाने सांगितलं, परवा चावडी बसवू आणि हे काम तिच्या घराकडून कायमचं काढून घेऊ.

त्याच दिवशी दरबाराचा निरोप आला. अंमलदार साहेब पाच दिवसांनी येतील. बारवेचं काम बघतील. काम चांगलं असेल तर साकवाचा हुकूम जागेवरच देतील, आणि बारा वर्षं गावमूठ निर्मळपणे सांभाळल्याबद्दल लिंबाजी मापाऱ्याला दरबाराकडून शेला देतील.

लिंबाजीला ठकूबाईची दया आली. ती निवद चुकवणारी नाही, हे त्याला मनातून ठाऊक होतं. पण गाव तापलं होतं. थोडे दिवस गप्प राहा, चूक झाली म्हण, पुढे मी बघून घेईन, असं समजावायला तो दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या झोपडीकडे गेला. ठकूबाई दारात बसली होती. रिकामी घागर तिने पालथी घालून ठेवली होती.

लिंबाजीने सांगायचं ते सांगितलं. ती खाली बघत ऐकत राहिली. मग म्हणाली, "चूक झाली म्हनते, अण्णा. तुमी म्हंता तर म्हनते. पन मला एक सांगा. म्या तुमास्नी सांगितलं व्हतं का न्हाई, दरजा राखा म्हनून?"

"राखला की!" लिंबाजी म्हणाला. "शहराचा गवंडी आनला. सात दिस चुना दळला. दरजा राखला न्हाई, असं कोन म्हनंल?"

ठकूबाईने मान वर केली. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"राखला?" ती म्हणाली. "अण्णा, राखला न्हवं. राखल्या. दरजा राखल्या का, असं म्या इचारते."

लिंबाजीला कळेना.

ठकूबाईने दारातले दोन दगड उचलले आणि एकमेकांना लावून धरले. मधल्या बारीक फटीवरून तिने बोट फिरवलं. "ही दरज. दोन चिऱ्यांच्या मधली. बांधनाऱ्यानं त्या उघड्या ठिवल्या व्हत्या, ते काय चुना मिळंना म्हनून व्हय? डोंगराचं पानी त्यातनंच येतंया. खालच्या सात थरांत हात लावला की गार झुळूझुळू लागायचं. बारवंला तळाचा झरा न्हाईच. बारव दरजांतनं पीत व्हती. तुमी तिचं त्वांड बंद केलं."

"मग पानी..."

"पानी कुठं जातंय? खालच्या ओढ्याला जाऊन बघा. ह्या दिसांत तिथं गवत कसं काय हिरवं हाय त्ये बघा."

लिंबाजी उठला आणि तसाच ओढ्याकडे गेला. फर्लांगभर खाली, जिथे माघात नुसती ठणठणीत माती असायची, तिथे गुडघाभर हिरवं गवत उभं होतं. काठाच्या मातीतून पाणी पाझरत होतं आणि ओढ्यातून वाहून चाललं होतं. त्याने ओंजळ भरून चाखून पाहिलं. चव बारवेच्या पाण्याचीच होती. चुना भरताना खालच्या थरांतून पाणी झिरपत होतं आणि कारागिराने ते गळती समजून बुजवलं होतं, ते त्याला आठवलं. तो तिथेच खाली बसला.

आता त्याच्या मनात काय काय आलं, ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पहिला विचार आला तो शेल्याचा, आणि त्याची त्याला लाज वाटली. दुसरा विचार साकवाचा. तो जास्त अवघड होता, कारण तो चांगला होता. आणखी चार दिवस गप्प राहिलं तर साहेब येतील, पांढऱ्या रेघा बघतील, हुकूम देतील. साकव होईल. पुन्हा कुंभाराच्या सुनेसारखी कुणाची सून वाहून जाणार नाही. साहेब गेले की मग चुना काढता येईल. आणि आत्ता बोललं तर दरबाराचा वाटा परत जाणार, साकव बुडणार, गाव तीन वर्षं तसंच राहणार. एका बाईला चार दिवस बोल लागला म्हणून सगळ्या गावाचं नुकसान करायचं का? तिला नंतर भरून देता येईल. असा विचार करत तो संध्याकाळी घरी गेला, आणि गप्प राहायचं त्याने जवळजवळ ठरवलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडी भरली. ठकूबाईला मधोमध उभं केलं होतं. पाटील बराच वेळ बोलले. निवदाचं बोलले, आसरांचं बोलले. तिने खाली मान घालून "चूक झाली" म्हटलं. लिंबाजीने सांगितलं होतं म्हणून म्हटलं, हे त्याच्याखेरीज तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं. मग पाटील वळून म्हणाले, "अण्णा, तुमी काय म्हंता? तुमचा शबुद म्हंजी माप हाय. तुमी व्हय म्हना, की झालं."

साऱ्या गावाने लिंबाजीकडे पाहिलं. बारा वर्षं त्यांनी असंच त्याच्याकडे पाहिलं होतं. त्या नजरा त्याला फार आवडायच्या, आणि आज त्या सहन होईनात. त्याने एक 'व्हय' म्हणायचा अवकाश होता. लबाडी अशी त्याला आयुष्यात कधी करावी लागली नव्हती, आणि आता कळत होतं की ती करायला हात घाण करावे लागत नाहीत. तो उभा राहिला. 

"तिला सोडा," तो म्हणाला. "आसरा कोपल्या न्हाईत. बारव म्या बुजवली."

लोकांना वाटलं, अण्णा दयेपोटी बोलतायत. पाटील हसलेसुद्धा. मग लिंबाजीने सगळं सांगितलं. चावडीच्या पायऱ्यांवर ठकूबाईने काय सांगितलं आणि आपण काय ऐकलं, दरज म्हणजे काय, ओढ्याचं गवत, सगळं. आपण तिला चूक कबूल करायला लावलं, हेही सांगितलं. एकही शब्द त्याने हातचा राखला नाही.

 मग मागून कुंभार उठला.  "म्हंजी साकव गेला का, अण्णा?"

"गेला," लिंबाजी म्हणाला.

कुंभार खाली बसला. त्याने शिवी दिली नाही, आणि लिंबाजीला वाटलं की त्यानं द्यायला हवी होती.

त्याच सकाळी लिंबाजी छिन्नी आणि हातोडी घेऊन बारवेत उतरला. त्याच्या मागे गावातले गवंडी उतरले, मग इतर माणसं. कोणत्या थरात किती पाणी यायचं, कोणत्या कोपऱ्यात जपून ठोकायचं, ते ठकूबाई काठावरून सांगत होती. कालपर्यंत तिला काठावर उभं राहू न देणारी माणसं ती म्हणेल तिथे छिन्नी लावत होती. चुना चांगला होता. फार चांगला होता. सात दिवस दळलेला आणि गुळाने बांधलेला तो चुना सुटता सुटेना. पहिल्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी नुसती ओल दिसली. तिसऱ्या दिवशी पश्चिमेच्या भिंतीतून करंगळीएवढी धार आली, आणि खाली उभ्या असलेल्या माणसांनी आपली तोंडं तिला लावली.

चौथ्या दिवशी अंमलदार साहेब आले तेव्हा सगळं गाव धुळीने पांढरं झालेलं होतं. जे काम बघायला ते आले होते, ते त्यांच्या डोळ्यांदेखत फोडून काढलं जात होतं.

"हे कोण करतंय?" त्यांनी विचारलं. "आणि बिघडवलं कुणी?"

"दोन्ही म्याच, साहेब," बारवेतून वर येत लिंबाजी म्हणाला.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते. पण नियम त्यांनी केलेला नव्हता, आणि तो मोडायचा अधिकार त्यांना नव्हता. दरबाराचा वाटा परत द्यावा लागेल, तीन वर्षं काही मिळणार नाही, साकवाचा हुकूम निघणार नाही, असं त्यांनी सांगितलं. शेला त्यांनी गाठोड्यातून बाहेर काढलाच नाही. निघताना त्यांची नजर काठावर उभ्या असलेल्या ठकूबाईकडे गेली.

"बाई, तुला तर सगळं ठाऊक होतं. चुना भरत होते तेव्हा तू बघतच असशील. मग ओरडली का नाहीस? पाटलांना का सांगितलं नाहीस?"

ठकूबाई थोडी घुटमळली. तिने एकदा लिंबाजीकडे बघितलं.

"सायब," ती म्हणाली, "वरच्या फटी भरल्या तवा वाटलं, खालच्या ठिवतील. अण्णांनी शबुद दिलता. खालच्या भरल्या तवा दोनदा त्यांच्या दारात गेले. ते कामात व्हते. मग वाटलं, आपलंच कायतरी चुकत आसंल. अण्णांच्या जागी एखादा चोर आसता ना सायब, तर म्या रोज येऊन बघितलं आसतं, गाव गोळा केलं आसतं. पन ह्यो मानूस देवावानी. देवावानी मानसाला इचारायचं कुनी?"

लिंबाजीला आयुष्यात कुणी चोर म्हटलं नव्हतं. त्या क्षणी त्याला वाटलं, कुणी म्हटलं असतं तर फार बरं झालं असतं. दरबाराची शिक्षा त्याने मान ताठ ठेवून ऐकली होती. हे ऐकून मात्र त्याने सगळ्या गावासमोर तोंड झाकून घेतलं.

गावमूठ सोडतो, असं त्याने त्याच दिवशी सांगितलं. गावाने ती सोडू दिली नाही. पण एक नियम केला. गावमुठीतून कोणतंही काम करायचं असेल, तर त्या जागेशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्याच्या दारात लिंबाजीने स्वतः जाऊन बसायचं, आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत "आलं ध्यानात" म्हणायचं नाही. पुढे तो म्हातारा होईपर्यंत असाच दारोदार जाऊन बसत असे. गुराख्याच्या, वडाराच्या, न्हाव्याच्या. लोक त्याला प्रश्न विचारायला शिकले. काही जण नको इतके विचारायचे. तो सगळ्यांची उत्तरं द्यायचा.

साकव व्हायला पाच वर्षं लागली. तोवर गाव पावसाळ्यात दोरी धरून ओढा ओलांडत राहिलं, आणि तिसऱ्या वर्षी एक म्हातारा त्या दोरीवरून निसटला. बारवेच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या दरजा मोकळ्या झाल्या. उत्तरेच्या भिंतीतल्या चुन्याखाली मात्र पाण्याने आपली वाट कायमची बदलली होती. तिथे लोकांनी किती ठोकलं, किती वाट पाहिली. त्या भिंतीतून पाणी पुन्हा कधी आलं नाही.

तात्पर्य: लोकांच्या पैशातली एक मूठही न खाणं हा अर्धाच प्रामाणिकपणा आहे. ज्यांचा तो पैसा, त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेणं, आणि चुकलं तर कितीही नुकसान होवो, त्यांच्यासमोर उभं राहून ते कबूल करणं, हा उरलेला अर्धा. आणि ज्याच्यावर आपला फार विश्वास आहे, त्याला प्रश्न विचारायचं गावाने सोडू नये.